बारकोपऱ्यातले हंस

१

पहिला हंस मेला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एवढ्या लांबून उडत आलेला पक्षी, एखादा दमून जायचाच, असं म्हणून पक्षीकेंद्रातली माणसं हळहळली आणि आपापल्या कामाला लागली. पण मग तळ्यावर रोज एखाददुसरा पांढरा ढीग दिसायला लागला, आणि एका सकाळी खुद्द थोरलीच काठाला लागली. मान पाण्यात टाकून. तेव्हा मात्र सगळे कामं टाकून तळ्याकडे धावले.

थोरली म्हणजे या तळ्याची शान होती. गळ्यात पट्टा, पाठीवर अंगठ्याएवढं यंत्र. दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या दलदलीतून निघून समुद्र, डोंगर, दोन-तीन देशांच्या सीमा ओलांडून ती इथे उतरायची, आणि बरोबर करड्या रंगाची पिल्लं आणायची. तिच्या वाटेवरच्या शाळांमधली मुलं नकाशावर टाचण्या लावून तिचा प्रवास बघायची. आता तिचा जोडीदार तिच्याभोवती गोल गोल फिरत होता आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

केंद्राची डॉक्टरीण गुडघाभर पाण्यात उतरली. हिला सगळे चिमटाबाई म्हणायचे, कारण हिच्या खिशात कायम एक चिमटा असायचा. बहिणीच्या लग्नातही पर्समधून तोच आधी बाहेर पडला होता. आपल्या हातांचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही. डोळ्यांनी दिसायच्या आधी हातांना कळतं, असं तिच्या सरांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, तिला शिकवलं होतं. रडू येत होतं, पण बोटांनी थोरलीची छाती चाचपली आणि रडू मागे पडलं. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागत होतं. मांस असं नव्हतंच.

"ही आज मेलेली दिसतेय," ती शेजारच्या रखवालदाराला म्हणाली, "पण मरत होती बरेच दिवस."

रखवालदाराचं लक्षच नव्हतं. बांधावर आरडाओरडा चालला होता. हंसांचा मारेकरी सापडला, असं कुणीतरी ओरडत येत होतं.

२

सापडला होता तो तळ्याला लागून शेती असलेला भडकूकाका. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण शोभून दिसायचं. दर हिवाळ्यात हंसांचा थवा त्याच्या हिरव्यागार गव्हात उतरायचा आणि सकाळी रान खरवडल्यासारखं व्हायचं. गेल्या सभेत तो भर लोकांत उभा राहून म्हणाला होता, की या पांढऱ्या पाहुण्यांना आता औषधच घालतो. आणि आज त्याच्या शेडमध्ये बंदी असलेल्या कीटकनाशकाचा डबा मिळाला होता.

त्याला धरून आणणारी पोलीस अधिकारी म्हणजे चिमटाबाईची सख्खी ताई. दोघी आईबरोबर एकाच घरात राहायच्या. दाराशी एकीचे पोलिसी बूट आणि दुसरीचे चिखलाचे गमबूट शेजारी शेजारी असायचे, आणि कुठल्यांना जास्त वास येतो यावरून आई रोज निकाल द्यायची. ताईला घाई होती. हंसांच्या वाटेवरच्या देशांचे प्रतिनिधी दुसऱ्याच दिवशी येणार होते. त्यांच्या हस्ते केंद्राच्या नव्या काचेच्या दालनाचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि हे तळं हंसांच्या सुरक्षित मुक्कामांच्या साखळीत घ्यायचं की नाही, हेही तेव्हाच ठरणार होतं. सरांनी सगळं आयुष्य त्या एका निर्णयासाठी खर्ची घातलं होतं. मारेकरी गजाआड आहे असं पाहुण्यांना सांगता आलं, तर निदान अब्रू वाचली असती.

चिमटाबाई चौकीत गेली. काका बाकावर हाताची घडी घालून बसला होता आणि चहा गार आहे म्हणून हवालदाराला झापत होता.

त्याने सांगितलं ते असं. डबा जुना, वडिलांच्या वेळचा. त्यात तो खिळे ठेवायचा. सभेत बोलला ते बोलला, नाही म्हणत नाही. पण गर्जेल तो पडेल काय? बोलण्यावरून माणसं आत टाकायची, तर त्याच्या बायकोने त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच टाकलं असतं.

चिमटाबाईने एकच विचारलं. "काका, तुमच्या रानात बदकं येतात?"

"येतात म्हणजे? सांडलेला दाणा न् दाणा वेचतात. हंस परवडले. ते निदान मुकाट्याने खातात."

ती उठली. दाण्याला औषध लावलं असतं तर आधी बदकं गेली असती, आणि बदकं तर तळ्यावर गुबगुबीत होऊन कलकलाट करत होती. बाहेर येऊन तिने हे ताईला सांगितलं. ताई म्हणाली, तर्क ठीक आहे, पण तर्कावर मला माणूस सोडता येत नाही. हंस कशाने मेले ते दाखव.

"दाखवते," चिमटाबाई म्हणाली. कशाने मेले, याचा तिला तेव्हा काडीचाही अंदाज नव्हता.

३

केंद्राच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. पत्र्याचं टेबल, वर मोठा दिवा, कोपऱ्यात कुरकुर करणारं शीतकपाट. आधी मेलेल्या हंसांचे नमुने तिने कीटकनाशकाच्या तपासणीला पाठवले होते आणि उत्तराची वाट बघत बसली होती. आता तिला स्वतःचाच राग आला. कागद येईल तेव्हा येईल. हात काय गहाण ठेवले होते?

तिने थोरलीचा एक्स-रे काढला. काळ्या पार्श्वभूमीवर पोटाच्या जागी पांढरे ठिपके चमकले, कुणी मूठभर चांदण्या फेकल्यासारखे.

ताई मागे उभी होती. तिने लगेच अनुमान काढलं, की हे छर्रे आहेत आणि हंसांना गोळ्या घातल्या आहेत.

चिमटाबाईने पिसं फुंकरून बाजूला केली, कातडी तपासली. कुठे भोक नव्हतं, रक्त साकळलेलं नव्हतं. मग तिने पोट उघडलं. पक्ष्याला दात नसतात. तो बारीक खडे गिळतो आणि पोटातल्या एका जाड पिशवीत त्या खड्यांवर पाला दळतो. थोरलीची ती पिशवी गवताने गच्च भरलेली होती, आणि ते गवत जसंच्या तसं, न दळलेलं. खड्यांमध्ये करड्या रंगाच्या चपट्या गोळ्या होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. तिने एक चिमट्यात धरून कागदावर ओढली. पेन्सिलीसारखी रेघ उमटली.

"शिसं," ती म्हणाली. "जुने छर्रे. खडे समजून गिळलेत. पोटात दळले गेले, रक्तात भिनले, मग आतडी ढिली पडली. खाल्लेलं पुढे सरकेना. भरल्या पोटी उपाशी मेली ही, ताई."

ताईने टोपी काढून टेबलावर ठेवली. शिशाच्या छऱ्यांवर आणि या तळ्यावरच्या शिकारीवर त्या दोघींच्या जन्माआधीपासून बंदी होती. बंदूक घेऊन इकडे कुणी फिरकलेलं तिच्या नोकरीत तिला आठवत नव्हतं.

"मग हे आलं कुठून?"

चिमटाबाई टेबलाला टेकून उभी राहिली. कुठून आलं, याच्या आधी तिला दुसराच प्रश्न पडला होता. थोरली इतके हिवाळे याच तळ्यात चरली आणि ठणठणीत परत गेली. मग याच वर्षी काय झालं?

४

पाठीवरचं यंत्र मेल्यावरही खोटं बोलत नाही. तिने थोरलीचे आधीच्या हिवाळ्यांतले ठिपके पडद्यावर काढले. सगळे तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, वेताच्या बेटांपाशी, जिथे पाणी उथळ. यंदाही सुरुवातीला तिथेच. आणि मग अलीकडे अचानक सगळेच्या सगळे ठिपके इकडे, अगदी नव्या काचेच्या दालनासमोर आलेले. त्या भागाला बारकोपरा म्हणत.

हंस दालनासमोर चरायला लागले तेव्हा केंद्रात साखर वाटायचीच काय ती बाकी राहिली होती. काचेपासून हाताच्या अंतरावर हंस. सर सगळ्यांना हसत सांगायचे, की पाहुण्यांच्या आधी यजमानांनीच दालन पसंत केलं.

दुपारी ती आईची पिठाची चाळणी घेऊन बारकोपऱ्यात उतरली. आईला न विचारता, हे सांगायला नको. धक्क्याच्या लाकडी खांबांकडे बघून ती थबकली. पाण्याच्या वर, साधारण दीड वीत उंचीचा हिरवट-काळा पट्टा होता, वाळून पापुद्रे सुटलेला. त्यावर चिकटलेले शिंपले उघडे पडून वाळले होते. शिंपला काही हवा खायला खांबावर चढत नाही.

तिने तळाचा चिखल काढून चाळणीत धुतला. पहिल्या खेपेलाच करडे दाणे खाली राहिले. दुसऱ्या खेपेला आणखी. सगळ्या खाडीत शिशाचं पीक पसरलेलं होतं.

ती तशीच पाण्यात उभी राहून विचार करू लागली. बारकोपरा. म्हणजे बारका कोपरा, असं ती लहानपणापासून धरून चालली होती. पण हा कोपरा बारका कुठे होता? तळ्याची सगळ्यांत ऐसपैस खाडी ही. याला बारका कोण म्हणेल? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारका नव्हेच. बार. बंदुकीचा बार. बारांचा कोपरा.

चौकीत जाऊन तिने काकाला विचारलं, तर तो म्हणाला, त्यात विचारायचं काय, त्याचे पणजोबा तिथे बड्या लोकांनी पाडलेली पाखरं गोळा करायला जायचे. पिढ्यान्‌पिढ्या बार उडाले. दहा छर्रे लागले तर शंभर पाण्यात. जाग्यावर बसून मारायला सोयीची जागा ती. आणि आता जाग्यावर बसून बघायला सोयीची, म्हणून दालनही तिथेच.

म्हणजे शिसं जुनंच होतं. शंभर वर्षं तळाशी निपचित पडलेलं, हंसाची मान पोचत नव्हती तोवर निरुपद्रवी. यंदा मान पोचली, कारण पाणी उतरलं होतं.

आणि पाणी आपोआप उतरलेलं नव्हतं. शेजारचं तळं काठोकाठ भरलेलं तिने येता-जाता रोज पाहिलं होतं.

५

तळ्याचं जादा पाणी जिथून ओढ्यात जायचं तिथे एक लोखंडी जाळीची चौकट होती. तिच्यात एकावर एक आडव्या फळ्या बसवलेल्या. फळी काढली की पाणी तेवढं उतरतं, बसवली की चढतं. दोघी बहिणी तिथे पोचल्या तेव्हा जाळीचं कुलूप जागेवर होतं, न फोडलेलं. वरची एक फळी मात्र नव्हती. ती आत, भिंतीला टेकवून, खाली दोन विटा देऊन नीट ठेवलेली होती.

कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक मासेमारीच्या ठेकेदाराकडे आणि दुसरी केंद्राच्या कपाटात. ताईचे डोळे लकाकले. ठेकेदार आणि केंद्र यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. हंसांसाठी त्याची जाळी अर्ध्या तळ्यातून हटवलेली. पाणी कमी झालं की मासे कोंडले जातात, धरायला सोपे. ताईच्या मते चोर घरबसल्या सापडला होता.

ठेकेदार धक्क्यावर होता, चिखलात रुतलेल्या नावेच्या कडेला खांदा लावून. त्याने ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि मग नावेकडे बोट दाखवलं. त्याच्या दोन्ही मोठ्या नावा असेच बूड टेकून बसल्या होत्या. कितीतरी दिवस धंदा छोट्या होडीवर चालला होता. पाणी उतरवून तो आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?

चिमटाबाईला ते पटलं. शिवाय तिच्या मनात ती फळी घोळत होती. शेतात साचलेलं पाणी काढायचं असतं तर माणसाने चार फळ्या काढल्या असत्या. मासे कोंडायचे असते तरी चार. इथे एकच काढली होती, आणि परत बसवायची म्हणून जपून ठेवली होती.

"तुम्ही तक्रार नाही केली?" तिने विचारलं.

"केली की. स्वतः गेलो होतो केंद्रात. म्हणाले, यंदा पाऊस कमी, काय करणार."

"कोण म्हणालं?"

ठेकेदाराने कपाळावरचा घाम पुसला. "तुमचे सर."

ताईने बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, की हवं तर मी जाते.

"नको," चिमटाबाई म्हणाली. "ते माझे सर आहेत. मीच जाते."

६

सर खिडकीशी बसून पाहुण्यांसाठीचं भाषण वाचत होते. खोलीत वर्षानुवर्षांचे नकाशे, खुंटीवर दुर्बीण, टेबलावर पिसांनी भरलेला पेला. याच खोलीत तिने पहिल्यांदा जिवंत हंस मांडीवर घेतला होता आणि त्याने तिला नाक फुटेपर्यंत पंख मारला होता. सर तेव्हा हसून म्हणाले होते, की आता तू आमची झालीस.

तिने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. छर्रे. बारांचा कोपरा. खांबावरचा वाळका पट्टा. सर ऐकता ऐकता ताठ झाले.

"आता मला सांगा सर," ती म्हणाली, "बदकं त्याच खाडीत चरतात, मग ती का नाही मेली? कारण बदकाची मान आखूड. अजूनही तळाला पोचत नाही. पाणी उतरलंय ते बरोबर हंसाची मान टेकेल एवढंच. एका फळीने पाणी किती उतरेल आणि हंस किती खोल चरतो, या दोन्हींचा मेळ घालायला हंस माहीत असावा लागतो. तो या तळ्यावर दोन माणसांना माहीत आहे. एक मी. मी फळी काढलेली नाही."

सरांनी भाषणाचा कागद पालथा ठेवला. त्यांचा चेहरा बघता बघता म्हातारा झाला.

"हंस काचेजवळ यावेत, एवढंच मनात होतं," ते म्हणाले. "पाहुण्यांनी एकदा जवळून पाहिलं की नाही म्हणणार नाहीत. हंस खातात ती पाणवेल तिथे भरपूर आहे, फक्त पाणी खोल. म्हटलं, पाहुणे गेले की फळी परत लावू. पाहुणे येऊन दिपून जावेत, म्हणून कुणाला सांगितलंही नाही." ते थांबले. "शिशाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या शेतकऱ्यानेच केलं असं वाटत होतं मला."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, की पाहुणे परवा सकाळी जातील, तोवर हे आपल्या दोघांत राहिलं तर? तळं साखळीत गेलं की पुढच्या किती पिढ्या सुरक्षित होतील.

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"आजही तिथे हंस चरताहेत, सर. फळी आत्ता बसली पाहिजे आणि काका आज घरी जेवायला गेले पाहिजेत. हे दोन्ही मी करणारच. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ती निघाली. दारात पोचली तेव्हा मागून किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज आला. सर उठून तिच्या मागे चालायला लागले होते.

७

फळी सरांनी स्वतः बसवली. पाणी चढायला वेळ लागणार होता, म्हणून ठेकेदाराने छोट्या होड्या काढल्या आणि डबे बडवत हंसांना बारकोपऱ्यातून हुसकून पलीकडे नेलं. ज्यांना उडता येईना, त्यांना चिमटाबाईने एकेक करून उचललं. त्यांचं पोट धुवायचं, शिसं उतरायची सुई द्यायची, नळीने पातळ अन्न भरवायचं. तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आजाऱ्यांमध्ये थोरलीचा जोडीदारही होता आणि त्याने दोनदा तिचा कोपर सुजवला.

काका संध्याकाळी घरी गेला. ताईने त्याची माफी मागितली. त्याने ती रुबाबात स्वीकारली आणि चौकीतल्या चहाबद्दल मात्र लेखी तक्रार देईन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दालनात पाहुणे जमले. समोरच्या पाण्यावर एकही हंस नव्हता. सर उभे राहिले. भाषणाचा कागद त्यांनी आणलाच नव्हता. हंस कशाने मेले, पाणी कुणी उतरवलं, का उतरवलं, आणि एका निरपराध माणसावर आळ येऊ दिला, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. आवाज कुठे चाचरला नाही. संचालकपद सोडतो, म्हणाले, आणि ज्यांनी हे शोधून काढलं त्या डॉक्टर तिकडे भिंतीशी उभ्या आहेत.

मागच्या रांगेत उभ्या चिमटाबाईला वाटलं होतं की आपल्याला त्यांची कीव येईल. पण छाती भरून आली ती अभिमानाने. आपण शिकलो ते याच माणसाकडून, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

मग उत्तरेकडच्या, जिथे हंस घरटी करतात तिथल्या, वयस्कर शास्त्रज्ञ बाई उठल्या. त्या म्हणाल्या, की त्यांच्याकडेही दरवर्षी शिशाने हंस मरतात. वाटेवरच्या प्रत्येक देशात मरत असणार, कारण बंदुका सगळीकडेच होत्या. पण आपल्या तळ्यात विष आहे, असं या बैठकीत पहिल्यांदाच कुणी उभं राहून सांगितलं. साखळीची सुरुवात इथूनच करावी, असं त्यांनी सुचवलं. पाणी किती ठेवायचं आणि गाळ कसा उपसायचा, ते या डॉक्टरांनी सगळ्यांना शिकवावं. दुपारपर्यंत ठराव झाला.

वसंत आला तशी बारकोपऱ्याला बांध घालून गाळ उपसायला सुरुवात झाली. बरे झालेले हंस एका उन्हाच्या सकाळी सोडले. थोरलीचा जोडीदार आधी पाण्यावर धावला, मग जड पंखांनी वर उठला, आणि त्याच्यामागे करड्या पिल्लांची ओळ लागली. उत्तरेकडे वळताना त्यांचा आवाज सगळ्या तळ्यावर घुमला. ताई ड्यूटी सोडून बघायला आली होती. आईही आली होती. भेटेल त्याला ती सांगत होती, की छर्रे सापडले ते तिच्या चाळणीत.

त्याच वेळी गाळाच्या ढिगापाशी कुणी पाहुणा येऊन उभा राहिला. चिखलाने माखलेला एक म्हातारा चाळण हलवत होता, त्याला त्याने विचारलं, इथले मुख्य साहेब कुठे भेटतील.

सरांनी पाठ सरळ केली आणि हात विजारीला पुसले.

"साहेब नाहीत, बाई आहेत," ते म्हणाले. "त्या बघा, कमरेएवढ्या पाण्यात. माझीच विद्यार्थिनी. पण भेटाल तर खरं तेवढंच बोला. मी दुसरं बोलून पाहिलंय."